बुधवारी कार्ड कुणी टाकलं?

१

त्या शुक्रवारी आजोबा हॉलमधून इतक्या लवकर परतले की मला वाटलं, चष्मा विसरले असतील. पण ते दारातल्या पायरीवर बसले आणि बूट न काढता तसेच बसून राहिले. त्यांच्या मागे इसोगाई न्हावी टोपी हातात धरून उभे होते, आमच्या घरी कुणी गेल्यासारखे.

आजी स्वयंपाकघरातून आली. आजोबा बोलेनात, म्हणून इसोगाईंनीच सांगितलं. हॉलच्या काउंटरवर मॅनेजरने आजोबांना थांबवलं आणि कमरेत वाकून, अगदी अदबीने, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं की तुम्हीच ठरवून दिलेली मर्यादा तुम्ही ओलांडली आहे. गेल्या बुधवारी ओलांडलीत, आणि त्याच्या आधीच्या बुधवारीही. तुमच्याच अटीप्रमाणे आज तुम्हाला बसता येणार नाही.

"मी बुधवारी गेलोच नाही," आजोबा बुटांकडे बघत म्हणाले.

आमच्या गावात स्टेशनसमोर स्लॉट मशीनचा हॉल आहे. आजोबा दर शुक्रवारी तिथे जातात. आधी कार्ड मशीनमध्ये टाकायचं, मग खेळायचं. एका दिवसात किती घालवायचं ते कार्डाला बांधलेलं असतं, आणि आकडा दोनदा पार झाला की पुढच्या खेपेला हॉलची माणसं तुम्हाला अडवतात. तसं त्यांना आजोबांनी स्वतःच सांगून ठेवलेलं आहे. जिंकत असले तरी ते दिवेलागणीला उठतात. शेवटी जी टोकनं उरतात, ज्यांचं धड काही येत नाही, त्यांच्या बदल्यात काउंटरवरून निळ्या कागदातलं सशाचं चॉकलेट घेतात आणि ते मला मिळतं.

हे सगळं इतकं काटेकोर का, तर माझ्या जन्माआधी आजोबांनी याच मशीनांपुढे बसून आजीच्या माहेरचा चहाचा मळा घालवला होता. त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांनी हॉलच्या रस्त्यानेसुद्धा जाणं सोडलं. पुन्हा जायला लागले ते आजीने हो म्हटल्यावर, आणि हो म्हणताना तिने एकच गोष्ट सांगितली होती. एकदा जरी शब्द मोडला तरी मी या घरात राहणार नाही.

आता तिने स्टूल ओढलं, कपाटावरची प्रवासाची बॅग खाली काढली आणि फडक्याने पुसली.

"रविवारच्या जेवणापर्यंत खरं सांगा," ती आजोबांना म्हणाली. "नाहीतर मी नुमाझूला बहिणीकडे जाते. परत यायचं तिकीट काढणार नाही."

२

आता माझ्याबद्दल. मी मिओरी. गेल्याच महिन्यात शाळेतल्या बँडच्या खोलीतून नाहीशी होणारी तुताऱ्यांची फुंकायची तोंडं कोण नेतं ते मी शोधून काढलं होतं (संगीताच्या बाईच धुवायला नेत आणि विसरत). त्यामुळे त्या दिवसांत मला वाटायचं की जगात असं काही नाही जे मला कळणार नाही. आजोबा खोटं बोलत नाहीत, हे तर मला कळतच होतं. म्हणजे दुसरं कुणीतरी त्यांचं कार्ड नेत होतं.

ते कार्ड बुटांच्या कपाटावरच्या वाडग्यात, स्कूटरच्या किल्लीशेजारी पडलेलं असतं. दारात येणारा कुणीही ते उचलू शकतो. आणि आजोबा बुधवारी नदीवर एकटेच मासे धरायला बसतात, त्यामुळे ते तिथे होते याला साक्षीदार फक्त मासे. तेही बहुतेक वेळा गळाला लागत नाहीत.

मी पहिल्यांदा आजीकडे गेले. ती बॅगेत लोकरीचे मोजे भरत होती. मी विचारलं, बुधवारी तू कुठे होतीस? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मोज्यांच्या घड्या घालायला लागले. मग सांगितलं, शाळेच्या मैदानावर, म्हाताऱ्यांच्या चेंडूच्या खेळात, इसोगाईंच्या बायकोच्या संघाला हरवत होते, दोन्ही बुधवारी, विचार जाऊन. आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. या घरात तिला कुणी किंमत देत नाही. नवरा असा. मुलगा आला की फक्त दुकानाच्या जागेचं तुणतुणं लावतो. मुलगी तर परवा बुधवारी जेवताना तिच्याशी ओरडून बोलत होती.

"मी काय तिच्या केंद्रातली बहिरी म्हातारी आहे?" आजी म्हणाली. "मी म्हटलं, चिएमी, हळू बोल, तर म्हणते कशी, काय? काय म्हणालीस?"

चिएमी म्हणजे माझी आई, ती वृद्धांच्या निवासी केंद्रात काम करते. तिथे ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे मी त्याकडे लक्ष दिलं नाही. मला दुसरंच ऐकू आलं होतं. दुकानाची जागा.

शुंजीमामाला घराची रस्त्याकडची बाजू फोडून नूडल्सचं दुकान काढायचं आहे. आजोबा नाही म्हणतात. घराच्या कागदांवर सहीऐवजी उमटवायचा शिक्का आजोबांकडे असतो. पण आजोबांचं डोकं ठिकाणावर नाही, जुनी खोड परत आली, असं एकदा ठरलं, तर तो शिक्का कुणाच्या खिशात जाईल?

शुक्रवारीच फोनवर मामा आईला म्हणाला होता, ताई, बाबांना आता घरी बसवा.

३

शनिवारी सरावाहून येताना मी इसोगाईंच्या दुकानात शिरले. ते स्टेशनमास्तरांच्या गालाला फेस लावत होते. मीही संशयित आहे का, असं त्यांनी आरशातून विचारलं. मी म्हटलं, हो. ते खूश झाले. मग म्हणाले, माझी सुट्टी सोमवारी असते, गावातल्या सगळ्या न्हाव्यांची सोमवारीच असते, शुक्रवारी तुझ्या आजोबांबरोबर जायला दुकान लवकर बंद करतो तेवढंच, बुधवारी मी इथे उभा असतो आणि अर्धं गाव माझ्या खुर्चीत बसून जातं. स्टेशनमास्तरांनी फेसातून मान हलवली. दोन्ही बुधवारी तेच खुर्चीत होते म्हणे. केस इतके कमी असताना दोनदा कशाला, ते मी विचारलं नाही.

जाताजाता इसोगाईंनी एक गोष्ट सांगितली आणि माझे पाय दारातच थांबले. ते म्हणाले, मला एक कळत नाही. मशीन चालायला कार्ड लागतच नाही. नोट सरकवली, टोकनं आली, खेळ सुरू. तुझे आजोबा कार्ड टाकतात ते स्वतःला आवरायला. पण चोरून खेळणाऱ्याने ते का टाकावं? नुसतं खेळला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता.

दप्तरात गुरुवारच्या डब्यातलं सशाचं चॉकलेट उरलं होतं. ते चघळत मी हॉलच्या मागच्या रस्त्याला लागले आणि माझं डोकं असं पळायला लागलं की विचारू नका. कार्डाची गरज नाही, तरी टाकलं. म्हणजे ते टाकायचंच होतं. खेळायचं नव्हतंच मुळी. आजोबांच्या नावावर आकडा चढवायचा होता, आजोबांना अडकवायचं होतं. आणि हॉल कसा चालतो हे आतून-बाहेरून माहीत असलेला माणूस आमच्या घरात आजोबा सोडले तर एकच. मामाने कॉलेजात असताना वर्गापेक्षा हॉलमध्ये जास्त दिवस काढले होते.

अठरा वर्षांखालच्यांना हॉलच्या दारातही उभं राहता येत नाही. पण मागे, पेयांच्या मशीनपाशी, कुरिहाराताई मधल्या सुट्टीत उभी असते. ती माझ्या शाळेची, बँडमध्ये माझ्यापेक्षा तीन इयत्ता पुढे, आता हॉलमध्ये मदतनीस. मला गणवेशात बघून ती दचकली आणि मला कोपऱ्यामागे ढकललं. गिऱ्हाइकांबद्दल बोलायची परवानगी नाही, असं तिने तीनदा सांगितलं. मी म्हटलं, नको बोलूस, फक्त एवढं सांग, आजोबा बुधवारी दिसले का?

तिने सांगितलं की हे देवदाराच्या परागाचे दिवस, सगळी दुनिया मास्क, टोपी आणि गॉगल लावून शिंकत येते, कोण कोण ते कळायला मार्ग नाही. पण एक सांगते आणि मग तू जा. त्या आमच्या मशीनांना तीन बटणं असतात. चाकं फिरतात आणि तीन सात एका ओळीत आणायला बरोबर क्षणी बटणं दाबावी लागतात. ज्यांना जमत नाही ते मदतीचं बटण दाबतात आणि आम्ही जाऊन लावून देतो. तुझ्या आजोबांनी आजवर ते बटण दाबलेलं नाही, त्यांचा अपमान होतो. दोन्ही बुधवारी मात्र कोपऱ्यातल्या मशीनवर मदतीचा दिवा सारखा लागत होता. सारखा म्हणजे सारखा. सात आले नसले तरी.

"बाई होती की पुरुष?" मी विचारलं.

"मिओरी, घरी जा," ती म्हणाली.

सात लावता न येणारं कुणीतरी. मामा तर गप्पा मारतामारता सात लावतो. हा खडा माझ्या बुटात शिरला होता, पण मी तसंच चालत राहिले. तो नाटक करत असेल, मी स्वतःला सांगितलं. नवशिक्याचं सोंग.

४

रविवारी मी सगळ्यांना जेवणाच्या बुटक्या टेबलाभोवती बसवलं. आजोबा, आजी, आई, मामा. इसोगाई साक्षीदार म्हणून आले होते, खरं तर आजीच्या हातच्या उकडलेल्या बांबूसाठी. आजीची बॅग दारात होती. रविवारचं जेवण झालं की ती उचलली जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे अगदी हळू जेवत होते.

मी उभी राहिले. उभं राहून बोललं की जास्त पटतं. कार्ड, वाडगा, बुधवार, मास्क, कुरिहाराताईने सांगितलेलं मदतीचं बटण, सगळं ओळीने मांडलं. कार्ड लागत नसताना टाकलं, म्हणजे आजोबांना अडकवण्यासाठीच टाकलं, इथपर्यंत आल्यावर मी मामाकडे वळले आणि दुकानाच्या जागेचं बोलले.

आजीने भाताचा वाडगा खाली ठेवला. मामाचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता मान्य करणार. पण तो हसायला लागला आणि ते हसू काही मला आवडलं नाही.

"मिओ, कुरिहाराची पोरगी मला लहानपणापासून ओळखते," तो म्हणाला. "लपून काम करायचं असतं तर मी तिलाच सारखं बोलावलं असतं? तिच्या नाकासमोर?"

मी खाली बसले.

दुकान हवंय, ते काही लपवत नाही, मामा पुढे म्हणाला. बाबांवर माझाही विश्वास बसला नाही, त्याची लाज वाटते. पण तू मघापासून एका गोष्टीवरून उडी मारते आहेस. कार्ड टाकायची गरज नाही, हे तुला कधी कळलं?

काल, मी म्हटलं.

"आणि त्याच्या आधी?"

त्याच्या आधी मला वाटायचं की कार्डाशिवाय मशीन सुरूच होत नाही. आजोबा दर शुक्रवारी म्हणतात, आधी कार्ड, मग खेळ. कार्ड लावल्यावरच उघडणाऱ्या स्टेशनच्या फाटकासारखं असेल, असं मी धरून चालले होते. हॉलमध्ये कधी पाऊल न टाकलेला आणि आजोबांच्या तोंडूनच सगळं शिकलेला माणूस तसंच धरून चालेल. कट नव्हताच. ती चूक होती. आणि ती चूक फक्त आमच्या घरातल्याच माणसाची होऊ शकत होती.

मामा नाही. इसोगाई नाहीत. हॉल आतून न बघितलेल्या आम्ही तिघी. मी शाळेत होते. आजी मैदानावर होती.

हॉलमध्ये इतका गोंगाट असतो की बाहेर आल्यावर आजोबा शुक्रवारी संध्याकाळी मोठ्याने बोलतात. आजी त्यांना दर शुक्रवारी टोकते. आईला ती बुधवारी टोकत होती, केंद्रातलं ओरडणं घरी आणते म्हणून. पण बुधवारी आईची सुट्टी असते. केंद्रात ती नसतेच.

आणि सशाचं चॉकलेट आजोबा शुक्रवारी आणतात. ते माझ्या हातात देतात आणि मी ते संध्याकाळीच संपवते. गुरुवारचा डबा आई भरते.

माझ्या जिभेवर ते चॉकलेट परत आल्यासारखं झालं. मी आईकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं, आजोबांच्या मागच्या भिंतीकडे बघत राहिले, आणि बहुतेक त्यामुळेच आजोबांना कळलं.

"बोल ना," आजी म्हणाली. "थांबलीस का?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी हे इतक्या हळू म्हटलं असेन.

आजोबांनी चॉपस्टिक नीट जोडून ठेवल्या. "मीच गेलो होतो," ते म्हणाले. "दोन्ही वेळा. वय झालं. आठवलं नाही, किंवा सांगायची हिंमत झाली नाही. काहीही धरा."

आजी उठली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, असं का, आणि दाराकडे निघाली. बॅगेचा पट्टा तिने हातात घेतला.

"बाबा, पुरे," आई म्हणाली.

५

आई रडली नाही. हात मांडीवर ठेवून ती टेबलाशी बोलल्यासारखी बोलली. पहिल्यांदा गेली ती गंमत म्हणून. बुधवारी दुपारी घरात कुणी नव्हतं, कार्ड समोर होतं, आणि बाबा इतके शहाण्यासारखे खेळतात तर मलाही जमेल, असं तिला वाटलं. कार्ड आकडा मोजतं हे तिला माहीत होतं, पण तो बाबांचा आकडा, आपण आपलेच पैसे टाकतोय, असं तिने समजून घेतलं होतं. शुक्रवारी केंद्रातून आल्यावर इसोगाईंनी सांगितलेलं कळलं, तेव्हा तिला उमगलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. शनिवारी बोलू म्हटलं. शनिवारी म्हटलं, रविवारी.

"सात लावता येत नव्हते, तर उठून यायचं ना, ताई," मामा म्हणाला.

"सातांसाठी नव्हते बोलावत," आई म्हणाली. "केंद्रात अठ्ठावीस खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत बटण आहे. कुणीही दाबलं की मी धावते. दिवसभर. घरी आले की तुम्ही. तिथे मी बटण दाबलं आणि एक मुलगी धावत आली, गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, काही हवंय का आपल्याला?" ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "मला परत एकदा दाबावंसं वाटलं. मग परत. मशीन चालू राहिलं तरच बटण दाबता येतं."

इसोगाई बांबूच्या वाडग्यात बघत होते.

आजी दारातून परत आली, पट्टा अजून मनगटावर होता. आजोबांसमोर बसली. मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, असं काहीतरी ती पुटपुटली.

"तू विचारलंस," आजोबा म्हणाले. "मी सांगितलं. तू ऐकलं नाहीस."

"हो," आजी म्हणाली. "नाही ऐकलं." आणि तिने त्यांचा कप ओढून त्यात चहा ओतला. तो केव्हाच गार झालेला होता, पण आजोबांनी तो प्यायला.

मग ती आईकडे वळली आणि मला वाटलं आता तोफ सुटणार. तिने विचारलं, पुढच्या बुधवारी जावंसं वाटेल का? आई म्हणाली, हो. खोटं नाही बोलत, वाटेल. मामाने लगेच सांगितलं की दाराला बाहेरून कडी-कुलूप घालू, किल्ली माझ्याकडे द्या. आजोबांनी त्याला हाताने थांबवलं. बाहेरून घातलेली कडी त्यांनी स्वतः पाहिली होती, असं ते म्हणाले. मळा गेला त्या वर्षी त्यांच्या वडिलांनी घातली होती. आणि आजोबा खिडकीतून गेले होते.

मंगळवारी केंद्रातून सुटल्यावर आई आजोबांबरोबर हॉलवर गेली. मी सायकल धरून रस्त्याच्या पलीकडे उभी होते, कारण त्याहून जवळ गेले असते तर कुरिहाराताईने मला हाकललं असतं. काचेचं दार सरकलं, आतला सगळा आवाज रस्त्यावर सांडला आणि परत आत ओढला गेला. आत काय झालं ते आईने नंतर सांगितलं. आजोबांनी काउंटरवर आपलं कार्ड दुसऱ्याच्या हातात गेल्याबद्दल माफी मागितली आणि शुक्रवार परत मिळवला. आईने स्वतःच्या नावाने सांगितलं की मला आत येऊ देऊ नका. किती काळ, असं मॅनेजरने विचारलं. ती म्हणाली, मी स्वतः येऊन बंदी उठवा म्हणेपर्यंत. आणि तशी आलेच तर आधी माझ्या वडिलांना फोन करा.

बाहेर आल्यावर तिने मास्क काढला, भरपूर शिंकली आणि मला म्हणाली की मॅनेजर तिच्यासमोरही कमरेत वाकला. इतकं वाकायची गरज नव्हती.

आता बुधवारी दुपारभर आईला कुणी हाक मारायची नाही, असा आजीचा हुकूम आहे. भाताच्या कुकरचं काय, मोजे कुठे आहेत, डबा का उघडत नाही, सगळं आजीला नाहीतर मामाला विचारायचं. मामा बुधवारी येऊन नूडल्स करतो आणि मोबदल्यात दुकानाच्या जागेबद्दल फक्त एकदा बोलतो. आई कधी झोपते, कधी नदीवर आजोबांशेजारी जाऊन बसते.

मी शाळेतून आले की मात्र तिला विचारते. तिनेच सांगितलंय विचारायला. आडून नाही, खिसे तपासून नाही, तोंडावर.

"आई, आज गेली होतीस?"

"नाही," ती म्हणते. कधीकधी थोडं थांबून पुढे म्हणते, "पण कोपऱ्यापर्यंत जाऊन आले."

ते दोन्ही मी खरं मानते. त्या उत्तराचा तपास करायचा मोह मला अजून होतो, पण मी करत नाही.